बाबांचा गुडघा मी बरा केला

आमच्या बाबांचा डावा गुडघा सरकारी कागदावर कायमचा निकामी होता. तो मी बरा केला.

बाबा फौजेत होते. बर्फात घसरून गुडघा गेला, तेव्हा पन्नास टक्के अपंगत्व लागलं आणि पेन्शनमध्ये त्याचा हिस्सा मिळू लागला. त्या हिश्श्यावर मी बी.ए. झालो. घराण्यातला पहिला पदवीधर एका मोडक्या गुडघ्यावर उभा राहिला, म्हणा ना. (त्या गुडघ्याचे उपकार फेडायचे, हे कॉलेजपासून मनात होतं. तिथंच घात झाला.)

यंदा दुखणं वाढलं. रोहणा गावातल्या आमच्या घरात बाबा भिंत धरून चालू लागले. मी म्हणालो, "पुन्हा तपासणी मागू. टक्के वाढतील."

आई म्हणाली, "कायमचं लिवलं हाये ना? मंग काऊन खाजवून राह्यला?"

"तुले नाई समजत, आई."

अर्ज केला. फौजेच्या दवाखान्यातून बोलावणं आलं. आणि मग (हो, मग!) मी गावातल्या एका निवृत्त सुभेदारांना विचारलं.

"कायमचं लिवलं म्हंजे फौजवाले आपल्या मनानं बोलावत नाई," ते म्हणाले. "पन तूच तपासा म्हटलं, तर वाढन, तेवढंच राहीन, नाई तर कमी होईन."

"कमी?"

"तपासनी हाये बाबू ते, सत्कार नाई."

पण तारीख तर ठरली होती. बसमध्ये सगळी वाट बाबांना पढवत होतो, "जेवढं दुखते तेवढं सांगजा."

"साहेबापुढं रडू काय?"

बाबांनी बूट चमकवले होते, मिशी कातरली होती. दाराशी त्यांनी काठी माझ्या हातात दिली. "धर. वर्दीवाल्यासमोर काठी घेऊन जात नसते."

आत वर्दीतले डॉक्टर बसले होते. बाबांनी छाती काढली, टाचा जुळवल्या आणि सॅल्यूट ठोकला.

"कैसे हो, जवान? चलने में तकलीफ?"

"नहीं, सर! एकदम ठीक, सर!"

मग त्यांना चालायला सांगितलं. दाराच्या फटीतून पाहिलं, तर भिंत धरणारा माणूस परेड करत होता. मी बाहेर काठी घेऊन उभा, देवाला विनवत होतो, थोडं तरी लंगडू दे. (बापानं लंगडावं म्हणून नवस बोलणारा आमच्या घराण्यातला पहिलाही मीच!)

बाहेर येऊन बाबा बाकावर कोसळले. चेहरा पांढराफटक.

"काऊन असं केलं, बाबा?"

"जवान म्हटलं रे त्यानं मले," बाबा गुडघा दाबत म्हणाले. "किती वर्सानं म्हटलं कोनं."

यावर बी.ए.ला काही शिकवलं नव्हतं.

पन्नासाचे तीस झाले. आई शेजारणीला सांगते, "एवढ्या डाक्टरायले जमलं नाई, पोरानं एका अर्जात पाय बरा केला."

अपील करता येतं, म्हणतात. मी तसं सुचवलं, तर बाबा गुडघा चोळत राहिले. आईनं मात्र त्यांची काठी उचलून त्यांच्या हातात दिली. "याच्या पाठीपुरतं उठा," म्हणाली.

कागदावर तो गुडघा आता धावूही शकतो. म्हणून अपिलाचं बोलणं मी माझ्या बिऱ्हाडावरून, सिंदी मेघेहून, फोनवरच करतो.