रांजणाचं पाणी

यजमान गेल्यावर वणीजवळचा आमचा लहानसा जिनिंग कारखाना मीच चालवत होते. फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या हुकमावरून कामगारांसाठी पिण्याच्या पाण्याचा रांजण ठेवला होता. एका दुपारी नुकतीच बौद्ध झालेली एक कामगारीण उठली आणि वरून कुणी ओतायची वाट न पाहता स्वतःच गडवा बुडवून पाणी प्याली. यंत्रांवरचे गडी काम टाकून बाहेर आले.

"तिले काढा बाई, नाही तं आमी चाललो," मुकादम म्हणाला.

फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या. मी तिला विचारलं, "काहून घेतलं हातानं?"

"मले तहान लागली होती," ती म्हणाली. तिनं नजर खाली केली नाही.

"रांजण साऱ्यांचा आहे. ती कामावरच राहीन," मी मुकादमाला सांगितलं.

तो निघाला, पाठोपाठ बरेच गडीही गेले. गाडीवाले ओरडू लागले. तिनं पदर खोचला आणि उरलेल्या बायांसोबत कापूस उचलायला लागली. संध्याकाळपर्यंत कशीबशी दोन यंत्रं चालली.

मुकादम पुन्हा आला नाही. बाकीचे हळूहळू परतले, पण त्यातले कित्येक पाणी घरूनच आणत.