हवेत पाडलेलं भोक

ड्रिलमावशीच्या हातात जुनी हार्ड डिस्क दिली की त्या डिस्कच्या नावाने आंघोळ करून मोकळं व्हायचं. तिच्या वहिनीच्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात मागची खोली मावशीची. फाइली पुसल्यात, पण कुणी परत काढल्या तर, या धास्तीने गिऱ्हाइकं तिच्याकडे येत. मावशी डिस्क शिकंज्यात आवळायची, मधोमध ड्रिल घालायची आणि आरपार भोकातून गिऱ्हाइकाला डोळा मिचकावायची. इतकी वर्षं हेच काम, पण हौस अशी की जणू रोज घरात नवं लग्न निघालंय.

तिच्या स्वतःच्या लग्नाचा एकच व्हिडिओ होता. त्यात तिचा दादा नाचला होता, जन्मात एकदाच. दादा आता नव्हता. मूळ कॅसेट पार खराब होण्याआधी मुलाने तो व्हिडिओ एका नव्या, चपट्या जातीच्या ड्राइव्हवर उतरवून दिला होता. आणखी एक प्रत असावी म्हणून मावशीने तो दुकानात आणला, टेबलावर ठेवला आणि गप्पांच्या नादात, हाताला सवयच ती, शिकंज्यात धरून आरपार भोसकला.

भोक पाहिल्यावर मग तिच्या लक्षात आलं. दादा दुसऱ्यांदा गेला, एवढंच म्हणत राहिली.

वहिनी त्याच दादाची बायको. पण आधी स्क्रू काढावेत, रडायचं नंतर बघू, असा तिचा स्वभाव. तिने झाकण उघडलं तर आत बहुतेक सगळी पोकळीच. सगळा जीव एका कडेच्या इवल्याशा पट्टीत, आणि तिला साधा ओरखडाही नाही. वायर जोडताच दादा पडद्यावर आला, हात वर करून बेफाम नाचला आणि तोल जाऊन थेट नवरदेवाच्या मांडीवर बसला. दोघी पोट धरधरून हसल्या. कितीतरी दिवसांनी इतकं बरं वाटलं.

“वन्सं,” वहिनी डोळे पुसत म्हणाली, “म्हणजे या चपट्यांना मधोमध भोक पाडून काही होतच नाही की.”

मावशीने चटकन दाराकडे पाहिलं. गिऱ्हाइकांच्या असल्याच भोसकलेल्या चपट्यांचं अख्खं पोतं तिने नुकतंच भंगाराच्या टेम्पोत चढवलं होतं, आणि बाहेर टेम्पो सुरू झाला होता. ती पदर खोचून धावली ती थेट टेम्पोच्या पुढ्यात. दम लागलेला, डोळ्यांत पाणी, आणि दादा आठवून हसू काही आवरेना.

“उतरव ते पोतं,” ती भंगारवाल्याला म्हणाली. “आतले सगळे जिवंत आहेत.”

भंगारवाल्याने पोतं अलगद जमिनीवर टेकवलं आणि चार पावलं मागे सरला.