चौदा गोळ्यांचा सौदा

मला माझ्या बायकोने फसवलं. एकटीने नाही, गावच्या डॉक्टरला सामील करून घेऊन फसवलं.

केजपासून नेकनूरपर्यंत कुठल्याही बैलबाजारात माझं नाव विचारा. बैलाचे दात बघण्याआधी मी मालकाची गरज बघतो. रुमालाखाली माझी बोटं धरून सौदा केलेला माणूस आजवर हसत घरी गेलेला नाही. आणि मला माझ्याच घरात गंडवलं!

झालं असं, की त्या दुष्काळात विहिरी आटल्या होत्या. टँकर आला की हाती लागेल त्या भांड्यात पाणी भरून ठेवायचं. आमच्या अंगणात हौद, रांजण, पिंप, फुटका माठ, सगळं भरलेलं आणि सगळं उघडं. माणसांना प्यायला पाणी पुरत नव्हतं, डासांना पोहायला मात्र भरपूर होतं! व्हायचं तेच झालं. मला हिवताप आला.

डॉक्टर म्हणजे अंबाजोगाईला शिकून आलेला तरणा पोरगा. रक्त तपासून म्हणाला, "नाना, मलेरिया आहे. या मोठ्या गोळ्या तीन दिवस. आणि ही बारकी रोज एक, जेवल्यावर, चौदा दिवस. मधेच सोडायची नाही."

"चौदा? सात करा."

"नाना, हा बैलबाजार नाही."

"बरं, आठ. तुमचंही राहू द्या, माझंही राहू द्या."

"चौदा!"

आता तुम्हीच सांगा, पहिला आकडा हाच शेवटचा आकडा असतो का कधी? आमच्या धंद्यात तोंडातून निघालेला पहिला आकडा निम्मा तरी हवेचा असतो. त्यात तिसऱ्याच दिवशी माझा ताप पळाला. म्हणजे माझा हिशेब बरोबरच निघाला की! मी बारक्या गोळ्या बंद केल्या.

"अवो, डॉक्टरनं चौदा सांगितल्यात," बायको म्हणाली.

"तो त्याचा सांगायचा भाव हाय, शांते. खरा भाव मला कळतो!"

उरलेल्या गोळ्या मी डब्यात जपून ठेवल्या. पुढे एकदा सुनेचं अंग तापलं तेव्हा मोठ्या मनाने त्यातली एक तिला द्यायला निघालो, तर शांताने घारीसारखी झडप घातली.

"पोटुशी हाय ती! डॉक्टरला इचारल्याबिगर गोळी का म्हनून देता?"

घरात दानधर्माचीसुद्धा सोय नाही!

आणि मग आली दूध सोसायटीच्या चेअरमनची निवड. दुष्काळात चारा आणि पेंड सोसायटीतूनच मिळायची, त्यामुळे ज्याच्या बुडाखाली ती खुर्ची, त्याची म्हैस गुबगुबीत. मला ती खुर्ची हवीच होती. एकेक माणूस मी घरी जाऊन, चहा पाजून, पार आवळून ठेवला होता. समोर भगवानराव होते. बिचारे पडल्यातच जमा.

मतदान हात वर करून होतं. ऊन असं, की लोक टोपीने वारा घेत होते. आणि नेमकी तेव्हाच मला थंडी भरली! मी खाली अंथरलेली घोंगडी लपेटली तर बाकडंच खडखडायला लागलं.

"काय नाना," भगवानराव म्हणाले, "माझी येवढी धास्ती घेतली व्हय?"

असा झणझणीत जबाब द्यायला मी उठलो! पण तोंडातून नुसता दातांचाच आवाज. एवढ्यात सेक्रेटरी ओरडला, "भगवानरावांच्या बाजूनं कोण कोण?" आणि माझी घोंगडी खांद्यावरून घसरली. ती धरायला मी हात वर नेला, तो वर गेला आणि थरथरत वरच राहिला!

माझी माणसं चपापली. मग मागून कुजबुज ऐकू आली, "नानानं आतून सौदा केलाय. करा बे हात वर!"

सगळ्यांनी केले. भगवानराव एकमताने चेअरमन! जन्मभर इतके सौदे केले, पण जो केलाच नाही त्यावरच गावाचा एवढा विश्वास बसला.

घरी आणून मला चार गोधड्यांखाली दाबलं. शांता आणि डॉक्टर उंबऱ्यापाशी बराच वेळ काहीतरी खुसपुसत होते. (मी हे डोळ्यांनी पाहिलं. पण डोकं ठणकत होतं, नाहीतर तिथेच पकडले असते.) मग डॉक्टर आत आला.

"नाना, हा नवा ताप नाही. जुनाच लिव्हरमध्ये दडून बसला होता. त्याला मारायलाच त्या बारक्या गोळ्या होत्या. आता अठ्ठावीस दिवस!"

"अठ्ठावीस?" मी गोधड्यांसकट उठून बसलो. "लुटता काय! सात!"

शांताने आमच्या हातांवर टॉवेल टाकला. झाला सौदा सुरू! डॉक्टर पंचवीसवर आला, मी हललो नाही. तो विसावर आला, मी कण्हलो. शांता मधेच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, माणूस आजारी हाय, जरा समजून घ्या की." शेवटी चौदावर सौदा पटला. पोराचा चेहरा असा पडला, की मला दयाच आली.

"पण जेवल्यावरच घ्यायच्या," तो म्हणाला. "ते कमी होणार नाही."

तेवढं मी सोडून दिलं. समोरच्याच्या हातातही काहीतरी राहू द्यावं लागतं.

आणि ठरलेल्या सौद्याला मी जागलो! रोज जेवलो, रोज गोळी घेतली, एकही चुकवली नाही. ताप जो गेला तो गेलाच. मग मी चहाच्या टपरीवर बसून, छाती फुगवून सगळ्यांना सांगितलं, "अठ्ठावीस म्हणत होता. चौदावर आणला!"

भगवानराव बशीतला चहा फुंकत ऐकत होते. म्हणाले, "मलाबी मलेरियाच झालता, नाना. मला तर न मागता चौदाच दिल्या."

टपरी इतकी हसली, की चहावाल्याचं दूध उतू गेलं!

मी तरातरा घरी आलो. "शांते! खरं सांग!"

ती भाकरी थापत होती. पदर तोंडाला लावून म्हणाली, "चौदाच हुत्या. पर तुमी सरळ सांगितलेलं आजवर कदी घेतलंय का?"

हे प्रकरण मी असं सोडणार नाही. डॉक्टरने चारचौघांत येऊन जाब द्यावा. आणि शांतानेही द्यावा. लग्न झाल्यापासून या घरात मी तिच्याशी भांडभांडून जे जे निम्म्यावर आणलं, ते मुळात केवढं होतं?