ठमाबाईची थट्टा

काशीदच्या किनाऱ्यावर ठमाबाईइतकी फटकळ कोळीण दुसरी नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. शाळेत शिकवायला डेन्मार्कहून आलेली इंग्रिड चार महिने तिच्या घरी राहणार असं ठरलं, तेव्हा तिला आणणाऱ्या संस्थेच्या नेत्राताईंनी बजावलं होतं, "मावशी, ती पाहुणी आहे. घरची समजू नका. तिच्या खोलीत कुणी जायचं नाही." ठमाबाई फिस्सकन हसली. "माज्या घरात जेवते ती घरचीच."

पोरगी लाघवी. एकदा जेवताना तिनं धर्माच्या, ठमाबाईच्या एकुलत्या लेकाच्या, ताटातला तळलेला बोंबील उचलून खाल्ला. तिच्या देशात त्याला काही अर्थ नसेल. इथे पुरुषाच्या ताटातलं उष्टं त्याची बायको खाते. ठमाबाईनं टाळीच वाजवली. "बग रं धर्मा, सून आयती घरात आली!" इंग्रिडही हसली, काही न कळता. धर्मा मात्र हसला नाही. पस्तिशी उलटलेली, लग्न कुठे जमेना. ठमाबाईला गंमत वाटली आणि महिनाभर ती पोरीला सूनबाई म्हणूनच हाक मारत राहिली. जिभेला हाड नसतं हेच खरं.

त्या दुपारी ती मागच्या पडवीत पाट्यावर मसाला वाटत होती. आतून किंकाळी आली. धावत गेली तर खोलीची कडी उखडलेली. धर्मानं इंग्रिडचे केस मुठीत धरून तिला भिंतीवर आपटलं होतं. तिचा ओठ फाटून रक्त गळत होतं आणि तो ओरडत होता, "सून म्हनत्यात तुला, मग न्हाय कशाला बोलतेस?"

वरवंटा ठमाबाईच्या हातातच होता. तिनं तो त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचं तिला ऐकू आलं. तो वळला आणि उरल्या हातानं त्यानं आईचा गळा धरला, तेव्हा दुसरा घाव कपाळावर बसला. मिरचीचा मसाला जखमेत भरला आणि पोटचा पोर जमिनीवर गुरासारखा ओरडत लोळू लागला. तिचं काळीज तुटलं. तरी तिनं पोरीला आधी बाहेर काढलं. इंग्रिडनं नेत्राताईंना फोन लावला. त्या पोलिसांना घेऊन येईपर्यंत ठमाबाई उंबऱ्यात आडवी बसून राहिली.

चौकीत भावकीनं तिला घेरलं. "पडला म्हून सांग. पोराचा हात गेला, आता तुरुंगात पन धाडतेस?"

"पडला न्हाय. मी मारला. का मारला ते बी लिवा."

हवालदारानं सगळं लिहून घेतलं आणि अंगठ्यासाठी कागद पुढे सरकवला. ती अंगठा उठवेना.

"आजून हाय. कडी त्यानं तोडली, त्याची शिक्षा त्याला. पन तिला सून म्हून हाक मी मारली व्हती."

"ते गुन्ह्यात बसत नाही, आजी."

"बसत न्हाय तर नका लिवू," ठमाबाई म्हणाली, "पन कुनीतरी आयकून तर घ्या."