पंगतीतले रिकामे पान

धुतलेल्या केळीच्या पानावर वाफाळता भात पडला की जो हिरवा, किंचित तुरट गंध उठतो, तो मला आमच्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांचाच वाटतो. त्याखाली शस्त्रक्रियेआधी हात धुण्याच्या साबणाचा वास असतो, इतकेच. समोरच्याच्या डोळ्यांत न पाहता थेट गळ्याकडे पाहून बोलणारा दुसरा माणूस साऱ्या चेन्नईत नसेल. जिभेच्या आणि घशाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करण्यात, ती शिकवण्यात त्यांचे आयुष्य गेले; त्यामुळे चेहरा ही त्यांच्या लेखी गळ्याची वरची बाजू. एका परिषदेच्या भोजनात त्यांनी प्रमुख पाहुण्यांना घास अर्धवट असतानाच थांबवून, तुम्ही डावीकडे चावत नाही, दाढ दाखवा, असे फर्मावले होते. मी नव्याने येथे राहायला आले तेव्हा जिन्यात माझाही गळा त्यांनी निरखला आणि आपल्या जुन्या तंजावरी मराठीत निकाल दिला, "तुझ्या गळ्यांत मला कांही काम नाहीं गे." त्यानंतर त्यांनी माझी कधी चौकशी केली नाही. माझे पती श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात. कंपनीची बस त्यांना पाळीप्रमाणे नेते-आणते, आणि आमची दोन ताटे एकमेकांना क्वचितच भेटतात.

इतर संशोधक रुग्ण किती जगला ते पाहतात. डॉक्टर विचारतात, तो कोणासोबत जेवला. अर्धी जीभ गेलेला माणूस बोलायला पुन्हा शिकतो, पण चारचौघांत जेवत नाही. ओठांतून ओघळणाऱ्या घासाची त्याला लाज वाटते. म्हणून दरवर्षी डॉक्टर आपल्या जुन्या रुग्णांना तपासणीसाठी घरी बोलावतात आणि गच्चीवर पंगत मांडतात. रस्सम किती दाट हवे, हे पळी उंच धरून स्वतः ठरवतात, आणि बादली घेऊन गळ्यामागून गळा पाहत फिरतात. ही सोबत मोजायची कशात, असे एकदा कोणा विद्वानाने खोचकपणे विचारले. "पानांत," डॉक्टर म्हणाले.

स्वतः मात्र ते पंगतीला बसत नसत. पत्नी गेल्यापासून ते उभ्यानेच जेवत. माझ्या खिडकीत वरून पातेल्यावर चमचा वाजल्याचा आवाज येई, मग नळाचा, मग काहीच नाही.

यंदाच्या पंगतीत वाढायला माणूस कमी पडला, म्हणून त्यांनी मला हाक मारली. टोकाला जॉर्ज टाउनमधले कागदाचे एक व्यापारी बसले होते. ते दरवर्षी येत, हात जोडून पानासमोर बसून राहत, आणि त्यांचा वाटा डब्यातून घरी जाई. तेथेही ते दार लावून जेवत. त्यांच्या पत्नीने डॉक्टरांना तमिळमध्ये हळूच सांगितले, की पुढच्या महिन्यात लेकीचे लग्न आहे. मांडवात बापाचे पान रिकामे राहिले, तर लेकीच्या घशाखाली काय उतरणार?

डॉक्टरांनी बादली माझ्या हाती दिली आणि ते त्या गृहस्थांशेजारी मांडी घालून बसले. मी भात वाढला. डॉक्टरांनी घास कालवला, पण तो उचलेना. सबंध शहराला गिळायला शिकवणारा तो हात पानावर तसाच राहिला.

"मलाही जमत नाही," ते शेजाऱ्याला तमिळमध्ये म्हणाले. "दोघे मिळून पाहू."

पहिला घास डॉक्टरांचा, आणि तोही धोतरावर सांडलेला. ते पाहून व्यापाऱ्यांच्या गळ्यातून हसू फुटले, आणि हसता हसता त्यांचा हात पानाकडे गेला. हनुवटीवरून रस्सम ओघळले. त्यांनी ते पुसले नाही. त्यांच्या पत्नीने डबा पालथा घालून त्यावर हात ठेवला. मी समुद्राच्या दिशेला पाहत राहिले.

सगळे गेल्यावर गच्चीवर ओल्या पानांचा ढीग आणि कावळे उरले. मी बादल्या विसळत होते. डॉक्टर जवळ येऊन थांबले, आणि प्रथमच माझ्या गळ्याकडे न पाहता डोळ्यांत पाहत त्यांनी विचारले,

"जेवलीस?"