भावाच्या बाजूचं टोक

मोठा आरा ओढायला दोन माणसं लागतात. एक वर, ओंडक्यावर उभा. दुसरा खाली, खड्ड्यात. वरचा माझा मोठा भाऊ आणि खालचा मी. वरच्याने सुताची रेघ धरून आरा नेमका चालवायचा, खालच्याने डोळ्यांत भुसा घेत निमूट ओढायचा, अशी आमची वाटणी. मी बारा वर्षं भुसा खाल्ला आणि बारा वर्षं कुरकुर केली. आमचा मुलूख तेव्हा मध्यप्रदेशात होता. जऊळक्याच्या स्टेशनाजवळ इंजिनावर चालणारी आरा-मशीन नुकतीच बसली होती, तरी आजूबाजूच्या खेड्यांतल्या घरांच्या तुळया आणि बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, लाकडं आम्हीच कापत होतो.

उन्हं कलली की भाऊ आरा आणून अंगणातल्या कडुनिंबाला टांगायचा आणि त्याच्या पात्यावर नखाने एक टिचकी मारायचा. पोलाद निकोप असलं की लांब, बारीक आवाज निघतो आणि बराच वेळ राहतो. कुठे चीर गेली असली की नुसतं टप् होतं. रोज एकच टिचकी. तेवढ्यावरून आत वहिनीला कळायचं की आता पाय धुवायला पाणी लागणार.

मला वेगळाच नाद होता. स्टेशनाकडून मोडक्या आऱ्यांचे, करवतींचे तुकडे मागून आणायचे आणि त्यांच्या सुऱ्या, विळ्या करायच्या. यात खरी अक्कल लागते ती तुकडा निवडायला. आधी वाजवून पाहायचं. मग कानस लावायची; ती सहज चावली तर पोलाद मऊ, घसरली तर कामाचं. कोपरा मोडून आतला रवा पाहायचा. साखरेसारखा जाड दिसला की फेकून द्यायचं, बारीक राखाडी असला की ठेवायचं. शेवटी घासलेट चोपडायचं, कोरडं पुसायचं आणि वर चुन्याची फकी टाकायची. डोळ्यांना न दिसणारी चीर असली तर तिच्यात मुरलेलं घासलेट चुन्यावर रेघ होऊन वर येतं. मी एका तुकड्यावर अख्खी सकाळ घालवत असे.

"पोरगी पाह्याले गेल्यावानी लोखंड पाहून राह्यला," भाऊ म्हणायचा. "लगन लावतं काय त्याच्यासंगं?"

गावात कोणाच्याही घरी जा, विळी माझ्याच हातची. त्याचा मला माज होता, हे आज कबूल करतो.

भाऊ आठ दिवसांच्या तापात गेला. वयाची पस्तिशीही झाली नव्हती. मूलबाळ नव्हतं. त्याच्या जागी मी कोणाकोणाला ओंडक्यावर उभं करून पाहिलं, पण एकाच्याही हाताशी माझा हात जुळेना. रेघ वाकडी जायची आणि मला संताप यायचा. खरं सांगायचं तर वर दुसरा कोणी उभा दिसला की खालून ओढायला माझे हात उठत नव्हते. शेवटी मी आरा कडुनिंबाला टांगला तो टांगलाच. वर्षश्राद्धापर्यंत त्याला कोणी हात लावला नाही.

वर्षश्राद्ध झाल्यावर मी ठरवलं, गंजून जाण्यापेक्षा याच्या विळ्या-सुऱ्या करू आणि भावकीत वाटू, म्हणजे भावाचा आरा घरोघर राहील. वहिनीला विचारलं, तुम्हाला काय करून देऊ? ती चुलीपुढे बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मले एक इळी द्या, भाऊजी. त्याइच्या बाजूनं काढजा."

मी आरा उतरवला आणि नेहमीप्रमाणे पाहायला बसलो. मधलं पोलाद उत्तम होतं. भावाच्या बाजूचं टोक मात्र वाईट निघालं. मूठ बसवायची दोन भोकं तिथे होती आणि त्या भोकांभोवती बारा वर्षांच्या घामाने पोलाद खाऊन टाकलं होतं. चुना टाकला तर एका भोकापासून केसासारखी रेघ निघालेली. अशा पोलादाची विळी कोणी शहाणा माणूस करणार नाही. मी मोठ्या शहाणपणाने वहिनीला सांगितलं, "वैनी, तिकडचं खराब आहे. तुमाले मंधातलं एक नंबर देतो."

घरातल्या कर्त्या दिराशी वाद घालायची तिची रीत नव्हती, आणि विधवा झाल्यापासून तर ती मागणंच विसरली होती. वर्षभरात तिने मागितलेली ती पहिली वस्तू होती. हे मला कळायला हवं होतं.

लोहाराकडे दोन दिवस मी स्वतः भाता ओढला. पाती कापली, घडवली, त्यांना पाणी दिलं. तापलेलं पातं कडक करायला तेलात बुडवायचं असलं तरी आमच्याकडे त्याला पाणी देणंच म्हणतात. कापून उरलेली टोकं लोहाराची, ही आमच्याकडची जुनी चाल. ती कोणी परत मागत नाही आणि लोहार विचारतही नाही. मी भावाच्या बाजूचं टोक त्याच्या ढिगात टाकलं आणि विळी घेऊन घरी आलो.

वहिनीने विळी हातात घेतली, उलटीपालटी केली. "आन ते टोक?"

"लोहाराले गेलं. त्याचा हक असते."

"बरं," ती म्हणाली. त्याच विळीवर तिने वांगी चिरली. पातं असं चालत होतं की मीच बसल्या बसल्या त्याची तारीफ केली.

पुढच्या पावसाळ्यात निंदण सुरू झालं. वहिनी बायांच्या रांगेत बसायची. एका दुपारी भाकरीच्या वेळी मी बांधावर होतो, तेव्हा पाहिलं. तिने शेजारणीचं खुरपं मागून घेतलं, उलटून पाहिलं, आणि परत दिलं. मग दुसरीचं. मग तिसरीचं. बाया एकमेकींकडे पाहत होत्या. एक म्हणाली, "काय पाह्यतं वं त्याच्यात?"

"काई नाई," वहिनी म्हणाली.

ती काय शोधते आहे याची मला शंका आली. त्या संध्याकाळीच मी लोहाराकडे गेलो. तो म्हणाला, "त्या टोकाचं? खुरपं केलं ना भाऊ. शेलूबाजारच्या बाजारात इकलं. काहून?" वहिनीने हे माझ्या आधीच त्याला विचारलं होतं, असंही त्यानेच सांगितलं. तिला चांगल्या पोलादाशी काही घेणंदेणं नव्हतं. जिथे भावाचा हात असायचा तेवढाच तुकडा तिला हवा होता. ती वापरणार होती की देव्हाऱ्याशी ठेवणार होती, देव जाणे. आणि मी तिला रवा आणि चिरा सांगत बसलो होतो.

त्यानंतर दोन पावसाळे मी त्या भागात जाईन तिथे खुरपी पाहिली. आसेगावकडच्या शेतांत लोकांनी मला वेड्यात काढलं. शेवटी शेलूबाजारला जुनं लोखंड विकणाऱ्याच्या पोत्यात एक खुरपं सापडलं. झिजलेलं, आणि मुठीजवळ एक भोक. भोक बरोबर तेवढंच वाटलं. आयुष्यभर मी लोखंडाचा एक तुकडा न वाजवता घेतला नाही. ते खुरपं मात्र वाजवलं नाही. हात वर गेला होता, तो मी खाली घेतला. रुमालात गुंडाळून घरी आणलं.

वहिनी अंगणात धान्य पाखडत होती. मी खुरपं तिच्या पुढे ठेवलं आणि म्हणालो, "वैनी, सापडलं."

तिने सूप बाजूला ठेवलं. पदराला हात पुसले. खुरपं उचललं, भोकावरून अंगठा फिरवला आणि तिचा चेहरा असा उजळला की मला रडू आलं. मग तिने ते दोन बोटांत अधांतरी धरलं आणि नखाने एक टिचकी मारली.

टप् झालं.

त्या टोकाला चीर होती, तेव्हा खरं टोक असतं तरी टप्च झालं असतं, हे मला ठाऊक होतं; पण तिच्या कानात भावाच्या टिचकीचा लांब आवाज होता. कडुनिंबाखाली कोंबड्या माती उकरत होत्या.

"नोहे, भाऊजी," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "राहू द्या. निंदाले कामी येईन."

दुसऱ्या दिवशी ती तेच खुरपं घेऊन शेतात गेली. भाकरीच्या वेळी तिने ते बाजूला ठेवलं आणि शेजारणीचं खुरपं पाहायला मागून घेतलं.