पौर्णिमेला बारा वाजता बंद होणारी लिफ्ट

वसईला लोक किल्ला पाहायला जातात. मी ऑफिसांची इमारत पाहून आलो. वर्गमित्र मधूने तिथे चौथ्या मजल्यावर ऑफिस थाटलं. सत्यनारायणाला भटजी मिळेना, तेव्हा त्याला माझं संस्कृत आठवलं. शाळेत याच संस्कृतला तो खदखदून हसायचा.

ठाण्याहून एसटी कामण-चिंचोटीमार्गे येते. बसायला जागा मिळाली तर खिडकी सोडू नका. पुढे शेअर रिक्षा, माणशी वीस रुपये. वाटेत सुकेळी, म्हणजे वसईची वाळवलेली केळी, जरूर घ्या. मी नैवेद्यासाठी घेतली होती. देवापर्यंत निम्मीच पोचली.

इमारत सात मजली, काचेची, भर बाजारात. आत पाऊल टाकताच खारा वास. नव्याकोऱ्या भिंतींवर मिठाची पांढरी पापडी.

"मिठागर व्हतं इथं आमचं," वॉचमन जानूकाका म्हणाले. "लिफ्ट हाय ना, तिथंच उघाडी."

उघाडी म्हणजे भरतीचं पाणी आत घेणारं लाकडी दार. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला काका ते उघडत. आता त्याच तिथींना, भरतीच्या वेळी दुपारी बारा वाजता, ते लिफ्ट बंद करतात.

त्या दिवशी पौर्णिमाच होती. पूजा आटोपली तेव्हा सव्वाबारा झाले होते. मधूच्या आईला घरी जायचं होतं आणि तिचे गुडघे जिना मानेनात. काका लिफ्ट बंद करूनच प्रसादाला वर आले होते.

"लिफ्टलाही पौर्णिमेचा उपास का?" म्हणत मधूने त्यांच्या हातातली किल्ली घेऊन लिफ्ट सुरू केली. काका लिफ्टच्या दारात आडवे आले.

"आदी रिकामी सोड, शेठ. मग आयेला ने."

रिकामी लिफ्ट खाली गेली. तळातून लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज आला, मग पाणी ओढल्याचा. बटण कोणी दाबलं नाही, तरी लिफ्ट वर आली. दार उघडलं आणि आमच्या पायांवर गढूळ पाणी आलं. आत एक जिवंत निवटी, खाडीच्या चिखलातला मासा, डोळे वर काढून आमच्याकडे बघत होती. ऊठसूट श्लोक फेकणारा मी सोवळं सावरत मागे सरलो.

आईंना खुर्चीत बसवून चार मजले उतरवलं. खाली फरशी कोरडी ठणठणीत. लिफ्टच्या खड्ड्यात बॅटरी मारली. तिथे धूळ होती.

घरी येऊन महिना झाला नाही तोच कळलं, लोकांना घाबरवतात म्हणून सोसायटीने काकांना काढलं. तेव्हापासून दर पौर्णिमा-अमावास्येला अकराच्या ठोक्याला मी फोन करतो. मधू हसतो, पण 'आईला लिफ्टने नेणार नाही' म्हणेपर्यंत मी फोन ठेवत नाही.

गेल्या पौर्णिमेला तो हसला नाही. म्हणाला, "आम्ही सगळेच जिन्याने जातो रे."